त्याच्या नावापुढे मी ‘निसर्ग’ लिहिलं

नर्तक, खेळाडू आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांच्यात प्रामुख्याने कोणती बुद्धिमत्ता आढळते? पर्याय चार. मी ‘शारीरिक-स्नायुविषयक’वर खूण केली आणि गाइडच्या मागच्या पानावर उत्तर पाहिलं. बरोबर होतं.

माझं वय अठ्ठेचाळीस. २००१ मध्ये महिना तीन हजार मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले आणि तेव्हापासून बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायची. माझी दहा वर्षं उरली आहेत. म्हणून रात्री भाकरी थापून झाल्या, भांडी आवरली की मी गाइड उघडते. दीडशे प्रश्न, त्यातले तीस बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. निकालाबद्दल मला बोलायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

गाइडमध्ये हॉवर्ड गार्डनर एका चौकटीत बसवला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ, १९८३, पुस्तक ‘फ्रेम्स ऑफ माइंड’, बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त. खाली दोन रकाने. डावीकडे बुद्धिमत्ता: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, आंतरव्यक्ती, व्यक्तिअंतर्गत आणि मागाहून जोडलेली निसर्गविषयक. उजवीकडे धंदे: कवी, गणितज्ञ, गायक, खेळाडू, शिल्पकार, पुढारी, संत, शेतकरी. ही चौकट मला पाठ करावी लागली नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी ती एका पोरावर वापरली होती.

त्याचं खरं नाव सांगत नाही. बाळू म्हणू. आई-बाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे, हा कधी त्यांच्यासोबत, कधी आजीपाशी हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. तिसरीत होता, पण वय दहा. मधल्या सुट्टीत एकदा शाळेवरून एक व्यापारी गोऱ्हा घेऊन चालला होता. बाळू खिचडीचं ताट खाली ठेवून धावला, गोऱ्ह्याचा खालचा ओठ ओढून आत पाहिलं आणि हात चड्डीला पुसत परत आला. ‘‘मॅडम, आदत हाय अजून. दोन दाती म्हणून विकायलाय त्यो.’’ बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे मला त्या दिवशी त्याच्याकडून कळलं. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. दातावरून वय, वयावरून भाव, खुरावरून चाल, शेणावरून तब्येत. बैलगाडीच्या टोळीतलं पोर. त्याला ते कुणी शिकवलं असं नव्हतं, पण येत होतं.

वाचता येत नव्हतं. क, म, ल ओळखायचा. काना लागला की थबकायचा, वेलांटी लागली की माझ्या तोंडाकडे बघायचा.

२०१० मध्ये आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या गुणांऐवजी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या. कल्पना चांगलीच होती, आजही मी तिच्या बाजूची आहे. प्रशिक्षण झालं, त्यात एका तासाला गार्डनर आला. पडद्यावर आठ पाकळ्यांचं फूल, मध्ये हसरं मूल. ‘प्रत्येक मूल हुशार आहे, फक्त कशात ते शोधा,’ असं साधनव्यक्ती म्हणाले तेव्हा खरं सांगते, मला भरून आलं. मी स्वतः गणितात कच्ची म्हणून घरात ऐकून घेतलेली पोरगी. मला वाटलं, माझ्या वतीने कुणीतरी बोललं.

परत आले आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक पाकळी लिहिली. बाळूच्या नावापुढे लिहिलं: निसर्ग.

वर्गात निसर्ग कोपरा केला. बिया, सुगरणीचं घरटं, मोराचं पीस, सापाची कात, चिंचोके. बाळू त्या कोपऱ्याचा प्रमुख. बाकीची पोरं वाचत असताना तो बियांची मांडामांड करायचा, नवीन काही आणायचा, मला त्याची माहिती सांगायचा. बाळू खूश, मी खूश, शाळा बघायला आलेले साहेबही खूश. त्यांनी कोपऱ्याचा फोटो काढला. प्रगतिपत्रकात तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पहिल्यात मी लिहिलं, ‘प्राण्यांविषयी सखोल माहिती सांगतो.’ दुसऱ्यात, ‘निसर्गात रमतो.’ तिसऱ्यात, ‘वाचनाचा सराव करावा.’

आज ते तिसरं वाक्य वाचलं की कळतं, त्याला कर्ताच नाही. सराव करावा. कोणी? बाळूने? कोयत्यावर गेलेल्या त्याच्या आईने? अक्षर न वाचता येणाऱ्या आजीने? ते काम माझं होतं, आणि त्या ‘करावा’ने मी ते दारात ठेवून आत निघून गेले. या नोंदींची तयार पुस्तकं तेव्हा तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळायची, मीही एक घेतलं होतं. त्यातली निम्मी वाक्यं अशीच बिनकर्त्याची.

चौथीनंतर तो शेजारच्या गावच्या शाळेत गेला. तिथले सर एकदा केंद्राच्या शिक्षण परिषदेत भेटले. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचा तो बैलवाला, त्याला जोडाक्षर सोडा, स्वतःच्या गावाचं नाव वाचता येईना.’’ टोमणा नव्हता. त्यांच्या पटावरही अशी बरीच असतील. सातवीच्या सहामाहीनंतर तो शाळेत दिसला नाही.

यात गार्डनरचा दोष किती, हे मला जाणून घ्यायचं होतं. प्रशिक्षणातलं फूल बाजूला ठेवून मी त्याच्याबद्दल मिळेल ते, शब्दकोश जवळ घेऊन, वाचायला लागले. फुलामागचा माणूस बराच वेगळा निघाला.

गार्डनर शाळेतून आलेला नाही, तो आला इस्पितळातून. बोस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याने मेंदूला इजा झालेल्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. झटक्यानंतर कुणाची वाचा जाते, पण गाणं राहतं. कुणाला शब्द सगळे येतात, पण घरचा रस्ता सापडत नाही. असंच एक गाजलेलं उदाहरण विसारिऑन शेबालिन या सोव्हिएत संगीतकाराचं. १९५९ च्या झटक्यानंतर त्याला धड बोलता येत नव्हतं, बोललेलं नीट समजत नव्हतं, तरी तो संगीतरचना करत राहिला आणि पाचवी सिम्फनी त्याने त्यानंतर पुरी केली. आता एका तराजूत तोलता येईल अशी एकच बुद्धी असेल, तर ती अर्धी जाऊन अर्धी अशी लख्ख कशी उरेल? गार्डनरचा प्रश्न हा होता. नेदरलँड्सच्या फान लेर फाउंडेशनने मानवी क्षमतांवरच्या मोठ्या प्रकल्पाला पैसा दिला, त्यातून १९८३ चं पुस्तक निघालं. तेव्हा सातच बुद्धिमत्ता होत्या. निसर्गविषयक आठवी नव्वदच्या दशकात आली. पुस्तक मानसशास्त्रज्ञांसाठी लिहिलेलं, त्यात वर्गात काय करावं याचा फारसा पत्ता नाही. ते उचललं मात्र शिक्षकांनी. १९८७ मध्ये इंडियानापोलिस शहरात आठ शिक्षकांनी मिळून या सिद्धान्तावर अख्खी शाळाच सुरू केली.

मानसशास्त्रज्ञांना हा सिद्धान्त फारसा पटला नाही, हे आमच्या गाइडमध्ये नाही. त्यांचा आक्षेप साधा आहे आणि जुना आहे. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन या इंग्रजाने शाळकरी मुलांचे गुण तपासले, तेव्हा दिसलं की एका विषयात पुढे असलेलं मूल बहुधा दुसऱ्या विषयातही पुढे असतं. पुढच्या शंभर वर्षांत निरनिराळ्या चाचण्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं. या आठ बुद्धिमत्ता खरंच एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तर असं दिसायला नको होतं. गार्डनरचं म्हणणं असं की कागद-पेन्सिलीच्या चाचण्या मुळात भाषा आणि तर्क हेच मोजतात. पण त्याने स्वतः बुद्धिमत्ता मोजायच्या चाचण्या काढून दिल्या नाहीत, त्यामुळे भांडण मिटलेलं नाही. याला ‘बुद्धिमत्ता’ न म्हणता ‘गुण’ म्हटलं असतं तर पुस्तकाकडे कुणी एवढं बघितलं नसतं, हे त्याने स्वतःच मोकळेपणी मान्य केलं आहे. मला तो माणूस तिथे आवडला.

माझं मत विचाराल तर बुद्धी एक की आठ, याने माझ्या सोमवारच्या पहिल्या तासात काही फरक पडत नाही. मोजणाऱ्यांनी भांडावं. माझी तक्रार निराळी आहे आणि तिचा इतिहास गार्डनरच्याही मागे जातो.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. कशासाठी? शाळा सक्तीची झाली होती आणि वर्गात मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जास्तीची मदत द्यायची होती, म्हणून. बिनेचं म्हणणं होतं की बुद्धी सरावाने वाढते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लक्ष देण्याचे, लक्षात ठेवण्याचे व्यायामही सुचवले होते. १९११ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची युक्ती काढली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मनने त्यातून आयक्यू घराघरांत नेला. मदत कुणाला हवी हे शोधायची पट्टी दहा-पंधरा वर्षांत माणसाच्या कपाळावरचा जन्माचा आकडा होऊन बसली. गार्डनर या आकड्याविरुद्ध उभा राहिला. आणि आम्ही काय केलं? एक आकडा काढून आठ शिक्के आणले.

तो स्वतः याला वैतागलेला दिसतो. २०१३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये त्याने लिहिलं की बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे ‘शिकण्याच्या शैली’ नव्हेत, ही गल्लत थांबवा. आमच्या प्रशिक्षणांत मात्र दोन्ही एकाच पातेल्यात शिजतात: हे मूल डोळ्यांनी शिकतं, ते कानांनी, ते हातांनी. ज्याला जी शैली त्याला त्या शैलीने शिकवा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी या शैलींवरचं संशोधन बारकाईने तपासलं. शैलीबरहुकूम शिकवल्याने मूल जास्त शिकतं असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तरीही दर दोन वर्षांनी कुणीतरी आम्हाला दृश्य-श्राव्य-कृतीचे तीन गट पाडायला लावतंच.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर आपण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या एका राज्यात या सिद्धान्ताच्या नावावर एक कार्यक्रम आखला गेला, आणि त्यात कोणत्या वंशाच्या लोकांत कोणती बुद्धिमत्ता जास्त, कोणती कमी, याची यादीच होती. गार्डनरला कळलं तेव्हा त्याने तिथल्या टीव्हीवर जाऊन ‘हे छद्मविज्ञान आहे’ असं सांगितलं. कार्यक्रम बंद झाला.

हे वाचलं त्या रात्री मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. तीन वर्षांच्या. कुणाच्या नावापुढे काय लिहिलं होतं ते पाहत गेले. गावातल्या दुकानदाराचा मुलगा: तार्किक-गणिती. ग्रामसेवकांची मुलगी: भाषिक. कोयत्यावर जाणाऱ्यांची सात मुलं: चार ‘शारीरिक’, तीन ‘निसर्ग’. गोंधळ्याची पोरगी: सांगीतिक. कैकाड्याचा पोरगा, ज्याचे आई-बाप टोपल्या विणायचे: अवकाशीय.

मी कुणाची जात बघून लिहिलं नव्हतं. प्रत्येक नोंदीला पुरावा होता, पोरं खरंच त्या-त्या गोष्टीत चांगली होती. घरात जे चालतं त्यात मूल चांगलं असणारच. पण सगळी पानं एकापुढे एक ठेवली तर ती माझी नोंदवही न वाटता गावगाड्याची वतनाची वही वाटत होती. ज्याचा जो धंदा, त्याची ती बुद्धी. इंग्रजी शब्दाचं फूल डोक्यात खोवून मी बलुतेदारीच लिहीत होते, तीही मायेने.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही सांगितलं आहे. मोडी आणि बाळबोध वाचायला-लिहायला, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आणि शेतीची ओळख. शेतकऱ्याच्या पोराला शेतीची अक्कल आहे तेव्हा त्याला अक्षर कशाला, असं ते म्हणाले नाहीत. दोन्ही मागितलं. मला हे बी.एड. झालेल्या कुणी सांगितलं नाही. गाइडमध्येही फुल्यांवरचा प्रश्न शाळा कोणत्या साली काढली एवढाच आहे.

मग गार्डनरचं वर्गात काहीच घेण्यासारखं नाही का? आहे. आणि जे आहे ते त्या फुलात नव्हतं. शिक्षकांसाठी तो मुख्यतः दोन गोष्टी सांगतो. एक, मूल नीट ओळखून शिकवा. दोन, महत्त्वाची गोष्ट एकाच तऱ्हेने शिकवू नका, अनेक वाटांनी तिच्यापाशी न्या. आम्ही पहिलीचा अर्थ शिक्का मारणे असा घेतला आणि दुसरी सोडूनच दिली. दुसरीत खरा दम आहे. कारण तिथे प्रश्न मुलाला कुठल्या खणात टाकायचं हा नाही, माझ्या पाठात किती वाटा आहेत हा आहे.

हातच्याची वजाबाकी घ्या. बावन्न वजा सतरा. दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, पोरं इथे बुडतात. दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ उलटं करतात, सातातून दोन काढतात आणि पंचेचाळीस लिहून मोकळी होतात. पूर्वी मी फळ्यावर दहा वेळा तेच करायचे: शेजाऱ्याकडून एक उसना घ्या. शेजारी कोण, उसना का, परत कधी करायचा, यातलं काही पोरांना कळत नसे.

आता मी आधी तुराटीच्या काड्यांच्या मोळ्या बांधायला लावते. दहा काड्यांची एक मोळी. माझ्या वर्गात मोळी हा शब्द सांगावा लागत नाही, निम्म्या पोरांनी फडात उसाच्या मोळ्या बांधताना बघितल्या आहेत, काहींनी बांधल्या आहेत. पाच मोळ्या, दोन सुट्या काड्या. सतरा द्यायच्यात. सुट्या पुरत नाहीत. मग काय कराल? ‘‘मोळी सोडा की,’’ कुणीतरी मागून ओरडतं. झालं. दुसऱ्या दिवशी पोरंच मोळ्या होतात, दहा-दहा जणांनी हात धरून उभं राहायचं. पट एकतीस असल्याने तीनच मोळ्या होतात आणि एकजण सुटा उरतो, त्यासाठी भांडणं. मग एकतीस वजा चौदा पटांगणावर. तिसऱ्या दिवशी एका दुकानाची गोष्ट, प्रत्येकाने आपली रचायची. चौथ्या दिवशी वहीत आकडे. आणि शेवटी, वहीत केलेलं उदाहरण काड्यांवर करून दाखवायचं आणि काड्यांवरचं तोंडाने सांगायचं.

गंमत या शेवटच्या पायरीला येते. दरवर्षी एखादी पोरगी असते, वही स्वच्छ, सगळी उदाहरणं बरोबर, तिला मी गणितातली हुशार म्हणून मिरवलेलं असतं. तिच्या हातात काड्या दिल्या की ती गोंधळते. बावन्नातल्या पाचाच्या जागी पाच सुट्या काड्या ठेवते. म्हणजे तिला रीत येत होती, दशक कळलेला नव्हता. आणि काड्यांवर झटपट करणारा पोरगा वहीत अडतो, कारण मोळी सोडली हे लिहायचं कुठे ते त्याला कुणी दाखवलेलं नसतं. मी ‘शारीरिक’ पोराला काड्या आणि ‘गणिती’ पोरीला वही असे गट पाडले असते, तर दोघांचंही अज्ञान झाकून गेलं असतं. सगळ्यांना सगळ्या वाटांनी न्यायचं, आणि ज्याला जी वाट जड तिथे त्याच्यासोबत जास्त चालायचं. वेळ लागतो. एका वजाबाकीला आठवडा गेला म्हणून मला बोलणीही बसली आहेत.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. दगड, पानं, शिंपले, बिया हेच साहित्य. पण माझ्या वाचनात एक फरक ठळक आला: कुरणात शाळा गेली ती गुराख्याला गुराखीपणात हुशार ठरवायला गेली नव्हती. अक्षरं आणि आकडे घेऊन गेली होती.

गेल्या मे महिन्यात भावजय छत्रपती संभाजीनगरहून आली होती. तिच्या दहावीतल्या मुलाची ‘बोटांच्या ठशांची टेस्ट’ केली म्हणाली. साडेचार हजार रुपये. रंगीत, जाडजूड अहवाल, प्रत्येक बोटाचा मोठा करून छापलेला ठसा, आणि शेवटी गार्डनरच्या आठ बुद्धिमत्तांचे टक्के, दशांशचिन्हासकट. गणिती सगळ्यात कमी, आंतरव्यक्ती सगळ्यात जास्त. ‘‘ताई, सायन्सचा नाद सोडा म्हणालेत. मार्केटिंगला चालेल.’’ पोरगं शेजारी मान खाली घालून मोबाइल बघत होतं. नववीत त्याला गणितात बऱ्यापैकी गुण होते.

या चाचणीला डीएमआयटी म्हणतात. मला जेवढं ठाऊक आहे ते भावजयीला सांगितलं, तुम्हालाही सांगते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बनून पक्क्या होतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. त्यात पोराने केलेला अभ्यास नाही, त्याला मिळालेले किंवा न मिळालेले शिक्षक नाहीत, काहीही नाही. गार्डनरने ठशांवरून बुद्धिमत्ता ओळखता येते असं कुठेही म्हटलेलं नाही. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. पूर्वी हात बघणारा ज्योतिषी पायरीवर बसून अकरा रुपये घ्यायचा, आणि निदान ग्रह शांत करायचा उपायही सांगायचा. भावजय रागावली. पैसे गेले याचा राग असावा. मी माझा राग तिच्यावर काढला नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी हेच काम फुकट केलं होतं, ठसेसुद्धा न घेता.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना मात्र सांगणं आहे: पालक मेळाव्याच्या नावाखाली या विक्रेत्यांना सभागृह देऊ नका. शाळेच्या भिंतींआड सांगितलं गेलं की पालकांना ते शाळेनेच सांगितलं असं वाटतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर समग्र प्रगतिपत्रक येत आहे. पुन्हा चित्रं, पुन्हा रंग, पुन्हा मुलाचे गुण शोधायचे. शोधूच. पण माझी मागणी त्या तिसऱ्या रकान्याची आहे. ‘सुधारणा आवश्यक’ या शब्दांच्या जागी तीन गोष्टी छापा: काय येत नाही, कोण शिकवणार, कधीपर्यंत. शिक्षकाच्या सहीसकट. पहिले दोन रकाने कितीही सुंदर भरले तरी तिसरा रिकामा ठेवायची सोय कुणाला नको. आणि ‘करावा’ने संपणारं वाक्य तिथे चालणार नाही, असं मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहून टाका.

बाळू या दिवाळीत आला होता. पंचवीस वर्षांचा गडी, दाराबाहेर चपला काढून उभा. टोळीचा बैलांचा जाणकार म्हणून त्याला आता सगळे विचारतात, मुकादमसुद्धा जोडी घेताना त्याला सोबत नेतो. ते सांगताना त्याचा चेहरा तिसरीतल्यासारखा झाला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. हंगामाची आगाऊ उचल घेतली होती, कागदावर अंगठा नाही, सही होती, तेवढी त्याला येते. ‘‘मॅडम, किती लिवलंय तेवढं बघा की. मुकादम म्हणतोय त्येवढंच हाय का.’’

मी वाचून दाखवलं. त्याला सांगितलेल्या आकड्यापेक्षा कागदावरचा आकडा दहा हजारांनी जास्त होता. तो काही बोलला नाही. कागद परत घडी घातला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी टोळी निघाली.

या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गातली अकरा मुलं कारखान्यांवर गेली आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे काय येतं ते लिहिलं आहे, त्याखाली काय राहिलं आहे ते, आणि त्याखाली माझं नाव. गाळप संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतील.